डांबरगोळी, तेलाचा डबा आणि पत्र्याखालची पडवी: कोकणातल्या मधात रसायन येतं कुठून

प्रश्न थोडक्यात असा. रत्नागिरी जिल्ह्यात हापूसची कलमं आणि शेजारची काजूची बाग, दोन्हींत मिळून सातेरीच्या, म्हणजे देशी पाळीव मधमाशीच्या, 24 पेट्या आहेत. पुण्याच्या एका व्यापाऱ्याने मध उचलण्याआधी अँटिबायोटिक आणि कीटकनाशकं यांचा अहवाल मागितला आहे. मोहोरावर फवारणी होते. गेल्या पावसाळ्यात पिलावा (पोळ्यातली अंडी-अळ्या) मरायला लागला तेव्हा कुणीतरी माश्यांच्या साखरपाकात टेट्रासायक्लीन या अँटिबायोटिकची कॅप्सूल फोडून घालायला सांगितली, ती घातली. रिकाम्या चौकटी माळ्यावर डांबरगोळ्या टाकून ठेवल्या आहेत. मधात काय सापडेल, काय तपासून घ्यावं आणि पुढच्या हंगामात काय बदलावं?

तुम्हाला धास्ती फवारणीची आहे. मी तिला शेवटचा नंबर देईन. पहिला डांबरगोळीचा, दुसरा कॅप्सूलचा, मग उष्णता, मग भांडी, आणि त्यानंतर आंब्याची फवारणी. कारण साधं आहे. फवाऱ्याचा थेट तडाखा बसलेली माशी बहुतेक वेळा पेटीपर्यंत पोचतच नाही. तिचं मरण हे वसाहतीचं नुकसान, पण मधासाठी ती एक प्रकारची गाळणीच ठरते. माळ्यावर, पाकात आणि डब्यात आपण जे घालतो त्याला अशी कुठलीच गाळणी नसते.

डांबरगोळी म्हणजे नॅफ्थलीन. ती पाण्यात जवळपास विरघळत नाही, पण मेणात सहज मुरते. जून ते सप्टेंबर बंद पेटीत गोळ्यांच्या वाफेत राहिलेली चौकट ऑक्टोबरात बाहेर काढून पंधरा दिवस वाऱ्यावर टांगली, तरी वास जातो तो वरवरचा. मेणात मुरलेलं तसंच राहतं. त्याच पोळ्यात माश्या मध भरतात आणि नॅफ्थलीन हळूहळू मधात उतरत राहतं. त्या चौकटींना आजही वास येत असेल तर त्या मधकोठीत, म्हणजे पेटीच्या मध साठवायच्या वरच्या मजल्यात, चढवू नका. पिलाव्याच्या कोठीतही नको. पोळी कापून वेगळी वितळवा, ते मेण मेणपत्र्यासाठी (माश्यांना पोळं बांधायला चौकटीत लावतात त्या पातळ मेणाच्या पत्र्यासाठी) देऊ नका आणि रिकाम्या लाकडी चौकटी कडक उन्हात ठेवून पुन्हा वापरा. पॅराडायक्लोरोबेन्झीनच्या पांढऱ्या वड्या, ज्या मोरीत टाकतात, त्यांनाही हेच लागू.

मग ज्याच्यासाठी गोळ्या टाकल्या त्या मेणकिड्याचं (पोळं खाणाऱ्या अळीचं) काय करायचं? सातेरीची चौकट लहान असते, हा आपला फायदा. ती घरच्या डीप फ्रीझरमध्ये मावते. उणे 7 अंशांवर साडेचार तासांत आणि उणे 15 वर दोन तासांत मेणकिड्याची अंडी, अळी, कोष सगळं मरतं. पण हा वेळ पोळं आतपर्यंत तेवढं गार झाल्यापासून मोजायचा. म्हणून घरगुती फ्रीझरमध्ये सरळ 24 तास ठेवावं. चौकट दोन पिशव्यांत घट्ट बांधा. आपल्याकडे फ्रीझरमध्ये मासळी असतेच आणि मेण वास पटकन ओढतं. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. गार पोळ्यावर कोकणातली दमट हवा लागली की पाणी धरतं आणि मग बुरशी. गारठा पूर्ण गेल्यावर तीच पिशवी घट्ट झाकणाच्या ट्रंकेत ठेवा. गंधकाची धुरी रिकाम्या पोळ्यांना चालते, पण ती अंड्यांवर चालत नाही, म्हणून दोन आठवड्यांनी पुन्हा द्यावी लागते, आणि मध असलेल्या चौकटीला ती द्यायचीच नाही. काळी पडलेली जुनी पोळी साठवण्यात तर काहीच शहाणपण नाही. दोन-तीन वर्षांनी पोळी बदलली की निम्मा प्रश्न मिटतो, कारण जुनं मेण म्हणजे पेटीत आलेल्या प्रत्येक तेलट रसायनाची खतावणी असते.

आता कॅप्सूल. हिशेब मांडून पाहा. 250 मिलिग्रॅमची एक कॅप्सूल एक लिटर पाकात घातली. समजा तिचा हजारावा भागच पुढे 5 किलो मधात पोचला. म्हणजे 250 मायक्रोग्रॅम 5 किलोंत, किलोमागे 50 मायक्रोग्रॅम. मधात टेट्रासायक्लीनसाठी भारतीय मर्यादा किलोमागे 5 मायक्रोग्रॅमची आहे. हजारातले 999 भाग वाया गेले तरी तुम्ही दहा पटींनी नापास. 15 किलोच्या अख्ख्या डब्यात 5 मायक्रोग्रॅमच्या हिशेबाने 75 मायक्रोग्रॅम बसतात, म्हणजे मिठाच्या एखाद्या बारीक कणाएवढं वजन. ‘एकदाच घातलं होतं’, ‘थोडंच घातलं होतं’ या वाक्यांना प्रयोगशाळेत काही किंमत नसते. 2010 साली युरोपीय संघाने भारतीय मधाची आयात थांबवली होती, त्यामागेही अशा अवशेषांवरच्या देखरेखीचाच प्रश्न होता. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान यांचं तर नावच काढू नका. अन्न देणाऱ्या जनावरांत त्यांना बंदी आहे आणि युरोपात क्लोरॅम्फेनिकॉल किलोमागे 0.15 मायक्रोग्रॅम सापडलं तरी माल अडतो.

आणि ज्या रोगासाठी ते घातलं, तो बहुधा अँटिबायोटिकने बरा होणाराच नव्हता. सातेरीत पिलावा मरण्याचं मोठं कारण थाई सॅकब्रूड हा विषाणू. त्यात अळी घरात उताणी, डोकं वर वळलेलं, होडीसारखी दिसते आणि चिमट्याने उचलली तर पाणी भरलेल्या पिशवीसारखी अख्खी बाहेर येते. विषाणूवर टेट्रासायक्लीनचा काडीचा उपयोग नाही. अळी पिवळट, घरात वेडीवाकडी वळलेली आणि आंबूस वास असेल तर युरोपियन फाउलब्रूडचा संशय घ्यावा. काडी घालून ओढल्यावर दोन-अडीच सेंटिमीटरची चिकट तार निघाली तर अमेरिकन फाउलब्रूडचा. त्या शेवटच्या रोगात औषध नाही, पोळी जाळून पुरणं हाच मार्ग. सॅकब्रूडमध्ये राणी दोन-तीन आठवडे पिंजऱ्यात ठेवून पिलाव्याला खंड पाडा, आजारी पोळी काढून टाका, कोठी लहान करून माश्या दाट ठेवा आणि पाक द्या. ज्या पेट्यांना कॅप्सूल दिली त्यांचा यंदाचा मध विक्रीत धरू नका. तो इतरांत मिसळलात तर सगळाच डबा जाईल.

एक बरं आहे. व्हरोआ माइटसाठी (माशीच्या अंगावरच्या बारीक परजीवी किड्यासाठी) फ्लुव्हॅलिनेट, अमिट्राझ, कुमाफॉस या औषधांच्या पट्ट्या मेलिफेरा ही युरोपीय माशी पाळणारे वापरतात. सातेरीला त्यांची गरज पडत नाही. हा माइट मूळचा तिच्याच अंगावरचा, आणि ती त्याला अंगावरून झाडून काढते. पण बाहेरून आणलेला मेणपत्रा मेलिफेराच्या जुन्या मेणाचा असेल तर ही औषधं त्यातून येऊ शकतात. आपल्याच स्वच्छ मेणाचा पत्रा पाडून घेणं उत्तम. ते जमत नसेल तर चौकटीला वर बोटभर पट्टी लावली तरी सातेरी स्वतःचं पोळं बांधते.

पाकाबद्दलही दोन शब्द. पावसाळ्यात साखर आणि पाणी समान मापाने, नुसतं विरघळवून द्यायचं. लिंबू पिळून उकळलेला पाक ‘पचायला हलका’ म्हणून देतात, तो चुकीचा. आम्ल आणि उकळी मिळून त्यात एचएमएफ नावाचं द्रव्य (त्याबद्दल पुढे) तयार होतं आणि ते माश्यांना विषारी असतं. गूळ दिला तर त्यांना हगवण लागते. पहिला फुलोरा लागला की पाक बंद, मगच मधकोठी चढवायची. नाहीतर ती साखर मधात उतरते आणि पुण्याचा अहवाल ‘भेसळ’ म्हणतो, तुम्ही दुकानातून थेंबभर सिरप आणलेलं नसलं तरी.

तिसरा मुद्दा उष्णतेचा, आणि कोकणात माझ्या मते सर्वांत जास्त मध याच पायी दर्जातून उतरतो. एचएमएफ, म्हणजे हायड्रॉक्सिमिथाइलफरफ्युरल, हे बाहेरून येत नाही. मधातल्या फळशर्करेपासून आम्लात आणि उष्णतेत ते आपोआप बनतं. मर्यादा भारतात किलोमागे 80 मिलिग्रॅम. आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकात साधारण मधाला 40 आणि उष्ण प्रदेशातल्या मधाला 80. ते किती वेगाने बनतं ते पाहा. किलोमागे 30 मिलिग्रॅम एचएमएफ तयार व्हायला 30 अंशांवर 150 ते 250 दिवस लागतात. 40 अंशांवर 20 ते 50 दिवस. 50 वर साडेचार ते नऊ दिवस. 60 वर एक ते अडीच दिवस. 70 वर पाच ते चौदा तास.

हे आकडे हातात घेऊन घराकडे बघा. मे महिन्यात पत्र्याखालच्या पडवीत दुपारी 40 अंश सहज होतात. तिथे ठेवलेल्या डब्यात कुणी चुलीवर न चढवताच एचएमएफ वाढत जातं. मुंबई-गोवा महामार्गाच्या कडेला टेबलावर उन्हात चमकणाऱ्या बाटल्यांबद्दल वेगळं सांगायला नको. मध डब्यात भरला की घरातल्या सर्वांत गार खोलीत, कौलाखाली, जमिनीजवळ ठेवा. मातीच्या भिंतीची जुनी बाळंतिणीची खोली असेल तर ती उत्तम. साखर धरलेला मध सोडवायचा तर पातेल्यात पाणी, त्यात बरणी, पाणी 45 अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही, वेळ लागला तर लागू द्या. थर्मामीटर वापरा. बोट घालून ‘कोमट’ म्हणणाऱ्याचं कोमट 55 असतं.

आता लोक मध तापवतात का, तर पाणी जास्त म्हणून. सातेरीच्या मधात किनाऱ्यावर 22 ते 24 टक्के पाणी सहज सापडतं आणि मर्यादा 20 टक्क्यांची. जास्त पाण्याचा मध फसफसतो, झाकण उडतं. मग उकळून ‘घट्ट’ करतात आणि पाण्याचा दोष एचएमएफच्या दोषात बदलतो. पाण्याचा बंदोबस्त पेटीतच करायचा. चौकटीची किमान तीन चतुर्थांश घरं मेणाने बंद झाल्याशिवाय ती काढायची नाही. मधातलं पाणी मोजणारा हातातला रिफ्रॅक्टोमीटर महाग नाही, प्रत्येक चौकटीचा थेंब बघून 21 च्या वरची परत ठेवा. काढलेल्या चौकटी रात्रभर छोट्या बंद खोलीत, कोठ्या एकावर एक आडव्या-उभ्या रचून, पंखा आणि हवेतली ओल शोषणारं यंत्र लावून ठेवल्या तर पाणी टक्का-दीड टक्का उतरतं. खोली 35 अंशांच्या आत असावी. मध यंत्रातून निघाल्यावर हेच काम कितीतरी कठीण होतं. आणि वळवाच्या पहिल्या सरीआधी काढणी आटपा. नंतरचा मध माश्यांसाठी.

भांड्यांचं. मधाचा सामू (पीएच) साधारण चारच्या आसपास, म्हणजे तो आंबट पदार्थ आहे, गोडव्यात ते लक्षात येत नाही इतकंच. जस्ती पत्र्याच्या बादलीतून जस्त, गंजलेल्या डब्यातून लोखंड, आणि जुन्या मधयंत्राला किंवा डब्याच्या तोटीला दिलेल्या डाखातून (सोल्डरच्या जोडातून) शिसं तो ओढून घेतो. तेलाचा 15 किलोचा रिकामा डबा धुऊन मध भरायची पद्धत सगळीकडे आहे. त्याची शिवण आतून बोटाने चाचपा, तपकिरी पूड हाताला लागली तर डबा भंगारात. आत मधाला काळपट रेघा दिसल्या तर तो मधही गेला. युरोपात मधातल्या शिशाला किलोमागे 0.10 मिलिग्रॅमची मर्यादा आहे, आणि डाखाचा एक सांधा ती ओलांडायला पुरतो. स्टेनलेस स्टील किंवा खाण्याच्या दर्जाचा पांढरा एचडीपीई प्लॅस्टिकचा ड्रम, बस्स. कल्हई गेलेलं तांब्याचं भांडं नको. औषधाच्या रिकाम्या कॅनबद्दल बोलायलाच नको, तरी बोलतो, कारण ते बागेत हाताशी असतात: कितीही वेळा धुतला तरी नाही.

धुराकडे कोणाचंच लक्ष नसतं. धूरयंत्रात नारळाची सुकी सोडणं, पातेरा, शेणी जाळा. खताचं किंवा बियाण्याचं पोतं फाडून त्याच्या चिंध्या जाळू नका, त्यात औषधाची पूड असते. आग्याच्या पोळ्याला टायर किंवा रॉकेलचा बोळा पेटवणारे आहेत, त्यांचा मध कोणीही कितीही ‘रानातला अस्सल’ म्हणून दिला तरी त्यात काजळीतली रसायनं असतात. शिवाय मधाचा कांदा, म्हणजे पोळ्याचा मध भरलेला भाग, वेगळा न काढता पिलाव्यासकट अख्खं पोळं पिळलेलं असेल तर तो आठवड्यात फसफसणार.

मुंगळे आणि वाळवी, हे कोकणातलं रोजचं दुखणं. पेटीच्या पायाखाली पांढरी पावडर टाकणं बंद करा. ती वाऱ्याने दारापर्यंत जाते, माश्यांच्या पायांना लागते. लोखंडी घोडी आणि चार पायांना पाण्याच्या वाट्या, आठवड्याला पाणी बदलायचं. पेटी आतून रंगवू नका, वाळवीचं औषध मारलेल्या फळ्यांची पेटी करू नका.

आता आंबा. मोहोरावर तुडतुडे आणि भुरीसाठी जी औषधं फिरतात त्यांत लॅम्बडा सायहॅलोथ्रीन अंगाला लागून मारतं आणि पृष्ठभागावरच राहतं. इमिडाक्लोप्रिड, थायामेथॉक्झाम, डायमेथोएट ही आंतरप्रवाही. ती झाडाच्या रसात शिरतात, म्हणून मकरंदात आणि तुडतुड्यांनी पानांवर सोडलेल्या चिकट्यातही येऊ शकतात. तो चिकटा माश्या चाटतात. 2017 मध्ये जगभरच्या 198 मधांच्या तपासणीत तीन चतुर्थांश नमुन्यांत निओनिकोटिनॉइड गटातलं (इमिडाक्लोप्रिड, थायामेथॉक्झाम याच गटातली) किमान एक औषध सापडलं होतं. बहुतेकांत ते माणसाच्या खाण्याच्या मर्यादेच्या खूप खाली होतं, पण शून्य नव्हतं. एक गैरसमज इथेच दूर करू: बाटलीवरचा ‘काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधी’ आंब्याच्या फळासाठी आहे. आज फवारलं आणि उद्या माशीने फूल चोखलं, याच्याशी त्याचा संबंध नाही.

व्यवहारात करायचं ते असं. मोहोर फुलायच्या आधीची फवारणी होऊ द्या, पूर्ण फुलोऱ्यात नको, हे बागायतदाराला सांगताना मधाचं नव्हे, फळधारणेचं कारण सांगा. आंब्याचं परागीभवन माश्यांवर आणि इतर कीटकांवर आहे, आणि ते त्याच्या खिशाला पटतं. टाळता येत नसेल तर फवारणी दिवस मावळल्यावर. सातेरी तांबडं फुटताच बाहेर पडते, त्यामुळे ‘सकाळी लवकर’ या सवलतीचा तिला उपयोग नाही. आदल्या रात्री दाराला जाळी लावा, पेटी सावलीत, वर स्वच्छ ओलं गोणपाट, आणि अर्ध्या दिवसाच्या वर कोंडू नका. गरमीने पोळं गळून पडतं. पेट्या हलवायच्या तर तीन किलोमीटरच्या पलीकडे, नाहीतर माश्या जुन्या जागी परततात.

पण खरा उपाय यापेक्षा सोपा आहे. आंबा-काजूचा मोहोर माश्यांची संख्या वाढवायला वापरा, मधकोठी तेव्हा चढवूच नका. फवारण्या संपल्यावर जांभूळ, करंज, हिरडा आणि रानातला बाकीचा फुलोरा असतो, विकायचा मध त्यातून घ्या. मोहोराच्या काळात कोठीत आधीचा मध असेल तर तो वेगळा काढा आणि वसाहतीलाच परत द्या.

फवारणी नसलेल्या पडीक जागेतही एक गोष्ट ध्यानात ठेवा. रानमोडी या तणात पायरोलिझिडीन अल्कलॉइड नावाची यकृताला घातक द्रव्यं असतात आणि हिवाळ्यात ती फुलली की माश्या तिच्यावर तुटून पडतात. आजूबाजूला सगळी टेकडी रानमोडीने पांढरी झाली असेल तर त्या पंधरवड्याचा मध माश्यांना राहू द्या. पेट्यांभोवतीची रानमोडी फुलायच्या आधी कापणं हे तणनाशक मारण्यापेक्षा कधीही बरं.

अहवाल मागवताना नुसतं ‘मध तपासा’ असं लिहून पैसे भरू नका. प्रयोगशाळा तुम्ही विचारलं तेवढंच सांगते. तुमच्या बाबतीत पाणी, एचएमएफ, सुक्रोज, सी-4 साखर (ऊस-मक्यापासूनच्या साखरेची भेसळ), शिसं, टेट्रासायक्लीन गट, सल्फा औषधं, स्ट्रेप्टोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान. कीटकनाशकांच्या यादीत बागायतदाराच्या वहीतली नावं आहेत का ते बघा, डायमेथोएटबरोबर ओमेथोएट आणि थायामेथॉक्झामबरोबर क्लोथियानिडिन हवंच, कारण ती त्यांच्यापासूनच बनतात. नॅफ्थलीन नेहमीच्या यादीत नसतं, वेगळं सांगावं लागतं. पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आणि आणंदला राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाची प्रयोगशाळा इथे मधाची तपासणी होते. नमुना देण्याआधी कोणत्या चाचणीला मान्यता आहे ते विचारा. कारवीचा मध असेल तर तसं लिहून द्या. सात वर्षं गप्प राहून आठव्या वर्षी फुलणाऱ्या या झुडपाच्या मधाला सुक्रोज 5 ऐवजी 10 टक्क्यांपर्यंत चालतं. 

अंगठ्यावर थेंब, पाण्यात धार, वातीला लावून पेटवणं, कुत्रा हुंगतो का पाहणं, या घरगुती कसोट्यांतून भेसळही नीट कळत नाही, अवशेष तर कळणं शक्यच नाही. आणि बाळाला मध चाटवायची चाल असेल तर ती एक वर्षापर्यंत बंद. हा रसायनाचा प्रश्न नाही, मधात असू शकणाऱ्या, बाळांना बॉट्युलिझम ही जीवघेणी विषबाधा करणाऱ्या जिवाणूच्या बीजाणूंचा आहे, आणि कितीही चांगला अहवाल त्यावर उतारा नाही.

नमुना घेताना सगळे डबे स्टीलच्या पळीने तळापासून ढवळा, प्रत्येकातून सारखं माप काढून काचेच्या कोरड्या बरणीत अर्धा किलो करा. तसाच पाव किलो दुसऱ्या बरणीत, तारीख आणि पेट्यांचे क्रमांक लिहून, सही-शिक्क्याने बंद करून स्वतःकडे गार जागी ठेवा. वाद झाला तर तीच बरणी कामाला येते. कॅप्सूल दिलेल्या पेट्यांचा नमुना वेगळा पाठवा. अहवाल हातात आल्यावर ‘आढळले नाही’ या शब्दांवर थांबू नका, शेजारच्या रकान्यात मोजणीची खालची हद्द लिहिलेली असते ती वाचा. क्लोरॅम्फेनिकॉलपुढे ‘आढळले नाही’ आणि हद्द किलोमागे 10 मायक्रोग्रॅम असं असेल, तर त्या कागदाने तुम्हाला काहीच सांगितलेलं नाही, आणि पुण्याचा व्यापारी तो परत पाठवेल.